मामांना प्रयुक्त हवा

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन खुर्च्या असतात आणि मध्ये लाकडी पडदा. पडद्याच्या एका बाजूला बसतो तो प्रयोगकर्ता, दुसऱ्या बाजूला बसतो तो प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो बापडा. आमच्या कॉलेजात प्रयोगकर्ते दरवर्षी बदलत, प्रयुक्त मात्र एकोणतीस वर्षं एकच होता. तो म्हणजे आमचे मामा.

मामा प्रयोगशाळेचे शिपाई. कपाटं उघडणं, स्टॉपवॉचना किल्ली देणं, आरशात बघून चांदणी काढायच्या यंत्रावरची धूळ पुसणं हे त्यांचं काम. प्रयुक्त होणं त्यांच्या कामात कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण पोरांचे मित्र ऐन वेळी दगा देतात. प्रॅक्टिकलला येतो म्हणणारा सिनेमाला जातो. मग पोरगं दारात रडवेलं होऊन उभं राहायचं, आणि मामा हातातलं फडकं खांद्यावर टाकून म्हणायचे, "चल बस. कोणता प्रयोग आहे?" 

मीही अशीच एकदा उभी होते. माझी जिवाभावाची मैत्रीण त्या दिवशी केस कापायला गेली होती, हे मी अजून विसरलेले नाही आणि तिला विसरू देतही नाही. मामा माझे प्रयुक्त झाले. आरशातली चांदणी काढताना त्यांनी पहिल्या फेरीत एकतीस चुका केल्या, दुसरीत बावीस, तिसरीत पंधरा. आलेख असा सुरेख उतरला की सरांनी तो वर्गात दाखवला. पुढे मी त्याच विभागात शिकवायला लागले आणि जर्नलं तपासायला घेतली, तेव्हा कळलं की दर वर्षी पाच-सहा पोरांच्या वहीत एकतीस, बावीस, पंधरा. हा माणूस चांदणी डोळे मिटून काढू शकत होता. पोरांना पास करण्यासाठी तो मोजून चुका करत होता!

मी जाब विचारला. मामा म्हणाले, "मॅडम, शिकणं कसं असतं ते पुस्तकात दिलंय. मी पुस्तकाबाहेर गेलो का?"

पण मामा नुसते हाताचे कसबी नव्हते. प्रयोगशाळा आणि पहिल्या वर्षाचा वर्ग यांच्यामध्ये प्लायवुडची भिंत होती. पहिल्या वर्षाचं पहिलं प्रकरण, मानसशास्त्राचे संप्रदाय, मामांनी त्या भिंतीतून एकोणतीस वेळा ऐकलं होतं. शिकवणारे चार जण बदलले, ऐकणारा तोच. त्यामुळे आमच्या तासाला ज्यांच्या डोक्यावरून पाणी जायचं, ती पोरं नंतर गुपचूप मामांकडे जायची. एकदा मी बाहेर उभी राहून ऐकलं. थोडं रागानेच ऐकलं, खोटं कशाला बोलू.

"आज सकाळी विभागप्रमुखांनी दार आपटलं, ऐकलंत ना?" मामा सांगत होते. "आता रचनावाद काय म्हणेल? म्हणेल, साहेब, त्या क्षणी आत काय काय होतं ते सुटं करून सांगा. छातीत धडधड किती, कानात गरम किती. यंत्र खोलून भाग मांडून ठेवायचे. कार्यवाद म्हणेल, भाग राहू देत, या रागाचा उपयोग काय? दार आपटल्यामुळे साहेबांचं काय साधलं? वर्तनवादी म्हणेल, आतलं मला दिसत नाही, मी बोलणार नाही. आपटण्याआधी काय झालं आणि आपटल्यावर काय मिळालं तेवढं सांगा. आधी प्राचार्यांचं पत्र आलं, नंतर मी धावत चहा नेला. म्हणजे उद्या परत आपटणार."

पोरं हसली. मामांना चेव चढला. "मनोविश्लेषणवाला म्हणेल, हे दार कॉलेजचं नव्हेच, लहानपणी कुणीतरी यांच्या तोंडावर एक दार लावलंय. समष्टिवादी म्हणेल, नुसतं दार काय बघता? पत्र, दार, साहेब, उकाडा, सगळं मिळून एक चित्र आहे, तुकडे केलेत की चित्र गेलं. बोधनिकवाला म्हणेल, पत्रात काय होतं ते सोडा, साहेबांनी त्याचा अर्थ काय लावला ते बघा. आणि मानवतावादी..."

"तो काय म्हणेल?" एका पोरीने विचारलं.

"तो काही म्हणणार नाही. तो आत जाईल, समोर बसेल आणि म्हणेल, साहेब, बोला. आणि मग ऐकेल. सगळ्यात सोपा संप्रदाय. दोन मार्कांचा."

मला हे प्रकरण शिकवायला सहा तास लागत. त्या दिवशी मी तडक घरी गेले आणि टिपणं फाडून नवी लिहिली. मामांना हे सांगितलेलं नाही, आधीच फुगलेले असतात.

तर असे मामा. निवृत्तीला चार महिने राहिले होते तेव्हा एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात एक फॉर्म.

"मॅडम, बाहेरून बसतोय. पहिल्या वर्षाला. मानसशास्त्र."

"अहो, तुम्हाला कशाला हवंय? तुम्ही तर..."

"तर मला सगळं येतं, असंच ना? येतं की." माणसाचं वाक्य अर्ध्यात उचलून पुरं करायची मामांना खोडच होती. समोरच्याने तीन शब्द उच्चारले की चौथा यांच्या तोंडातून. "पण एकोणतीस वर्षं मी पडद्याच्या त्या बाजूला बसलो. एकदा या बाजूला बसायचंय. माझा नंबर, माझी वही, माझा प्रयुक्त. निवृत्त झाल्यावर कोण मला या खोलीत घेणार? तेव्हा यंदाच."

ते म्हणाले तसं सहज, पण फॉर्मवर फोटो आधीच चिकटवून आणला होता. मला फार कौतुक वाटलं त्यांचं. मी सही केली.

लेखी पेपर मामांनी झोडपून काढला. संप्रदायांच्या प्रश्नाला तीन पुरवण्या लावल्या. राहिलं प्रात्यक्षिक, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. प्रात्यक्षिक पन्नास गुणांचं, पासाला वीस हवेत, आणि नियम असा की परीक्षार्थीने आपला प्रयुक्त आपण आणायचा. जर्नलाच्या प्रयोगाला कुणीही चालतो, परीक्षेला मात्र प्रयुक्त कोरा हवा, आधी कुठलाही प्रयोग केलेला चालत नाही. प्रयोग ऐन वेळी चिठ्ठी उचलून ठरतो.

आता मामांना कोरा माणूस मिळायचा कुठून? कॉलेजातला माळी, ग्रंथपाल, कॅन्टीनवाला, सगळे त्यांनी हौसेने सरावाला बसवलेले. गल्लीतला शिंपी चक्रव्यूहातून बोट फिरवून आलेला. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला निरर्थक अक्षरांची यादी पाठ. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्यासमोर पाण्याआधी शाईचे डाग ठेवले होते. पंचक्रोशीतली सगळी मनं मामांनी वापरून टाकली होती.

"घरात मामी आहेत की," मी म्हटलं.

"ती? छे! तिला या कशात रस नाही. ती बसायचीच नाही."

"विचारलंत?"

"विचारायला कशाला पाहिजे? एकतीस वर्षं ओळखतो तिला."

मला राहवेना. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत शिवणाचं मशीन, मशीनवर मामी. त्या उशांचे अभ्रे शिवून देत. पायाखालची फळी थांबवून त्यांनी मला खुर्ची दिली. मामा उभ्याउभ्याच सुरू झाले, प्रात्यक्षिक म्हणजे काय, नियम काय, पंचाईत काय.

"म्हणजे तुम्हाला..." मामी म्हणाल्या.

"हो, कोरा माणूस हवाय. तुला नाही जमायचं, मी सांगितलं मॅडमना, तिला कंटाळा..."

"मला विचारताय की सांगताय?"

मामींनी दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. "वरच्या भाडेकरूला विचारलंत. शिंप्याला विचारलंत. त्या गॅसच्या टाक्या आणणाऱ्याला चांदणी काढायला लावलीत. एकोणतीस वर्षांत मला एकदा म्हणालात, तू बस?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी छताकडे बघत बसले, कारण हसले असते तर मामांनी मला जन्मभर माफ केलं नसतं.

"बसशील?" मामांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"बघू," मामी म्हणाल्या, आणि मशीन सुरू केलं. निघताना मात्र त्यांनी मला हळूच विचारलं, "इस्त्रीची साडी लागेल का हो?"

परीक्षेच्या दिवशी मामांनी प्रयोगशाळा सकाळी नेहमीसारखी स्वतः झाडली, मग हात धुतले, शर्ट बदलला आणि परीक्षार्थी म्हणून रांगेत जाऊन उभे राहिले. बाह्य परीक्षक बाहेरगावचे, जाड चष्म्याचे, अबोल. माणसाच्या जांभईतही त्यांना दडपलेली इच्छा दिसते, अशी त्यांची ख्याती होती. मामांनी चिठ्ठी उचलली. शब्द-साहचर्य.

हा प्रयोग दिसायला पोरखेळ आहे. प्रयोगकर्ता एकेक शब्द वाचतो, प्रयुक्ताने मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा. मध्ये किती सेकंद गेले ते स्टॉपवॉचवर मोजून लिहायचं. वीस शब्द. जिथे उशीर होतो तिथे आत काहीतरी अडकलंय असं समजतात. प्रयोगकर्त्याने फक्त वाचायचं, मोजायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

मामी पडद्यापलीकडे बसल्या, इस्त्रीच्या साडीत, हात मांडीवर. पडद्याला मध्ये जाळी असते, आवाज नीट जातो. मामांनी सूचना वाचून दाखवल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी अंतर्गत परीक्षक म्हणून शेजारी होते, मला मदत करायची सोय नव्हती.

"झाड."

"सावली," मामी म्हणाल्या. पावणेदोन सेकंद. मामांनी नीट लिहिलं.

"पाणी."

"तहान!"

हे मामी बोलल्या नव्हत्या. मामाच बोलले होते.

मामांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. आमच्याकडची शब्दांची यादी एकोणतीस वर्षांत बदललेली नाही, आणि एकोणतीस वर्षं ‘पाणी’ ऐकलं की हा माणूस ‘तहान’ म्हणत आला होता. आता वाचणारा तोच होता, पण जिभेला कुठे ठाऊक? घंटा वाजली की लाळ गळते, ते आम्ही कुत्र्याचं उदाहरण देऊन शिकवतो. यापुढे मामांचं देता येईल असा एक दुष्ट विचार माझ्या मनात येऊन गेला.

"प्रयोगकर्त्याने उत्तर द्यायचं नसतं," परीक्षक म्हणाले.

"चुकलं साहेब."

पुढचे चार शब्द ठीक गेले. सातवा होता दिवा.

"दिवा."

"उजेड!" पुन्हा मामा. या वेळी ते खुर्चीतून अर्धवट उठलेच.

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे बघा, तुमचं वय, तुमची नोकरी, सगळं मला सांगितलंय. पण आणखी एकदा तुम्ही बोललात तर प्रयोग रद्द. शून्य गुण. मला दुसरा इलाज नाही."

शून्य म्हणजे नापास, आणि पुढचं वर्ष मामांना नव्हतं. महिनाअखेर त्यांच्या किल्ल्या दुसऱ्याकडे जाणार होत्या. मामांनी खालचा ओठ दातांत धरला आणि तसाच धरून पुढचे शब्द वाचले. ‘खिडकी’ची ‘खिलकी’ झाली, पण चाललं. मामी शांतपणे उत्तरं देत होत्या. दोन सेकंद, दीड सेकंद, दोन सेकंद.

अकरावा शब्द आला.

"चमचा."

पलीकडून काही नाही.

तीन सेकंद. चार. मी जाळीतून पाहिलं, मामी समोर बघत होत्या, चेहरा कोरा. पाच. सहा. परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली. चमच्यामागे बालपणीची काय भानगड असेल याचा त्यांनी शोध सुरू केला असणार. मी तरी काय कमी? मी म्हटलं, वाटणीत कुणाकडे तरी गेलेले चांदीचे चमचे असतील, किंवा औषधाचा चमचा, कुणाच्या तरी शेवटच्या आजारातला. आठ. नऊ. मामांचा चेहरा लाल झाला होता. उत्तर त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन थडकत होतं. अकरा. त्यांनी दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली. बारा. मी मनात म्हणत होते, मामा, नको, मामा, नको. तेरा.

"वाटी," मामी म्हणाल्या.

चौदा सेकंद. मामांनी आकडा लिहिला आणि असा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला. उरलेले नऊ शब्द दोन-दोन सेकंदांत संपले.

मग आलं अंतर्निरीक्षण. प्रयोग संपल्यावर प्रयुक्ताला विचारायचं असतं, प्रयोग चालू असताना तुमच्या मनात काय काय झालं, आणि त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत उतरवायचं असतं. खरं सांगते, हे कुणीही विचारत नाही. सगळी पोरं "प्रयोग आवडला, थोडी भीती वाटली, नंतर मजा आली" असं आदल्या रात्रीच लिहून आणतात आणि आम्ही डोळेझाक करून बरोबरची खूण करतो. मामांच्या हाताने सवयीने तेच लिहायला घेतलं.

मामी पडद्याच्या बाजूने वाकून बघत म्हणाल्या, "मी अजून बोललेच नाही. काय लिहिताय?"

मामांनी ओळ खोडली. "बोल. काय झालं मनात?"

"चमच्याला मी मुद्दाम थांबले."

परीक्षकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझे चांदीचे चमचेही तिथल्या तिथे वितळले.

"मुद्दाम?" मामा म्हणाले.

"लिहा. उत्तर मला लगेच सुचलं होतं. पण लग्नाला एकतीस वर्षं झाली. मी बोलायला लागले की तीन शब्दांत तुम्हाला पुढचं कळतं. वाक्य तुम्हीच पुरं करता. कधी बरोबर असतं, कधी चूक. चूक असलं तरी मी म्हणते, हो, तेच. कोण वाद घालत बसणार. आज साहेबांनी तुमच्या तोंडाला कुलूप घातलं, तर म्हटलं बघू या, किती थांबतात. मला वाटलं होतं चौथ्या सेकंदाला फुटाल."

मामा लिहीत होते. एकही शब्द गाळत नव्हते, आणि ते लिहिणं त्यांना जड जात होतं हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. कागद परीक्षकांच्या हातात जाणार होता. "चौथ्या सेकंदाला फुटाल" हेही त्यांनी लिहिलं.

"चौदा थांबलात," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरासा बदलला होता. "घड्याळ हातात धरून कुणीतरी माझ्याच बोलण्यासाठी थांबलंय, असं वाटलं. बरं वाटलं. मग दिलं उत्तर. तुम्हाला नापास थोडंच करायचं होतं."

मामांची लेखणी थांबली. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, आणि मला वाटलं आता नेहमीसारखं पटकन काहीतरी बोलून विषय संपवतील. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी उकाड्यावर ढकललं.

"आणखी?" मामांनी विचारलं.

"आणखी म्हणजे?"

"मी चूक पुरी केलेली वाक्यं. त्यातली कुठली आठवतात?"

"बरीच आहेत."

"सांग."

मामींनी परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, वेळ संपायला आली होती. मग ते स्वतः उठले, कपाटाशी गेले आणि एक पुरवणी आणून मामांसमोर ठेवली. प्रात्यक्षिकाला पुरवणी लागल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मामी सांगत होत्या, मामा लिहीत होते, आणि मधे मधे मामी थांबत तेव्हा मामाही थांबत.

मामांना पन्नासपैकी पस्तीस मिळाले. पास. पाच गुण परीक्षकांनी प्रयोगकर्ता मध्येच बोलला म्हणून कापले आणि दहा निष्कर्षाचे, पूर्णच. मी ती उत्तरपत्रिका नंतर पाहिली. निष्कर्षाच्या चौकटीत मामांनी एवढंच लिहिलं होतं: निष्कर्ष काढता आलेला नाही. प्रयुक्ताचे बोलणे चालू आहे.